जुना फ्लॅट विकण्याआधी नवा ठरवताना

पुण्या-मुंबईत राहता फ्लॅट विकून मोठा घ्यायचा म्हटलं की बहुतेक घरांत क्रम उलटा पडतो. नवं घर आधी पसंत पडतं, जुन्याला अजून गिऱ्हाईक नसतं. समोरचा मालक म्हणतो, दोन लाख टोकन द्या, बाकीचे दोन महिन्यांत. असे व्यवहार रोज होतात आणि नीट पारही पडतात. जे अडकतात ते बहुधा किमतीमुळे अडकत नाहीत, तारखांमुळे अडकतात. नव्या घराची शेवटची रक्कम द्यायची तारीख आधी येते आणि जुन्या घराचे पैसे नंतर येतात. म्हणून टोकन देण्याआधी करायची कामं जास्त आहेत.

इथली माहिती महाराष्ट्रातल्या रिसेल फ्लॅटची आहे. बिल्डरकडून बांधकाम चालू असलेलं घर घेताना हप्ते कामाच्या टप्प्यांप्रमाणे जातात, जीएसटी लागतो आणि ताबा पुढे असतो. तिथली आखणी वेगळी करावी लागते.

पहिलं काम स्वतःच्या फाइलचं

नव्या घराचे कागद सगळेच तपासतात. स्वतःच्या घराची फाइल मात्र गिऱ्हाईकाचा वकील मागतो तेव्हाच उघडली जाते, आणि दीड-दोन महिने तिथेच जातात. बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे सगळे करारनामे, प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा त्या व्यवहाराचा उतारा), मूळ शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मालमत्ता कराची शेवटची पावती, वीजबिल, पार्किंग दिल्याचं सोसायटीचं पत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला हे सगळं एका जागी आणा. मधला एखादा जुना करार हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल मिळते, पण त्यालाही वेळ लागतो. मूळ प्रतच हवी असा गिऱ्हाईकाच्या बँकेचा आग्रह असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस हेही करावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते वारसाचं प्रकरण. फ्लॅट आई-वडिलांच्या नावावर होता, वडील गेले, सोसायटीने नॉमिनी म्हणून मुलाचं नाव लावलं आणि सगळे निर्धास्त झाले, अशी घरं पुष्कळ आहेत. नॉमिनीचं नाव सोसायटीच्या दप्तरात लागलं म्हणून बाकीच्या वारसांचा हक्क जात नाही. बहीण-भावांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर गिऱ्हाईकाची बँक कर्ज देणार नाही. एखादी बहीण परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला हवं. तुमचं घर या प्रकारात बसत असेल तर हक्कसोडपत्राची नोंदणी होईपर्यंत नव्या घराला टोकन देऊच नका. ही एक गोष्ट आम्ही कुठल्याही सवलतीशिवाय सांगतो.

जुन्या घरावर कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत आहेत. त्यांची यादी बँकेकडून लेखी घ्या आणि फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) किती दिवसांत मिळतं ते विचारून ठेवा. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही. पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. तरीही तुमच्या आखणीत हे ३० दिवस पूर्ण धरा.

जुन्या घराची किंमत

संकेतस्थळांवरच्या जाहिरातींत दिसतो तो मागितलेला भाव. मिळालेला भाव इंडेक्स टूवर असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेतून आपल्या सोसायटीतले आणि शेजारच्या एक-दोन इमारतींतले गेल्या वर्षभरातले व्यवहार काढा, चटई क्षेत्रफळाने भागून दर काढा आणि मजला, लिफ्ट, पार्किंगचा फरक करा. मग येणाऱ्या आकड्यातून ८ ते १० टक्के कमी करा. ज्याला ठरावीक तारखेच्या आत विकायचं आहे त्याला ताणून धरता येत नाही, आणि अनुभवी एजंटला ते पाच मिनिटांत कळतं.

पैशाचा आराखडा

पुण्यातलं एक उदाहरण घेऊ. नवा फ्लॅट १ कोटी ३० लाखांचा. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के धरलं तर ९ लाख १० हजार (मुंबईत ६ टक्के). नोंदणी शुल्क ३०,०००. एजंटची दलाली १ टक्का आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १ लाख ५३ हजार. वकील, जाहीर नोटीस, बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीची फी मिळून ७५,०००. रंग, किरकोळ दुरुस्ती आणि सामान हलवायला ३ लाख. एकूण सुमारे १ कोटी ४४ लाख ६८ हजार.

७५ लाखांच्या वरच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे इथे साडेसत्त्याण्णव लाख. मुद्रांक आणि नोंदणी शुल्क त्या किमतीत धरत नाहीत. उरलेले ४७ लाख १८ हजार स्वतःचे हवेत. तुमच्याकडे बचत २२ लाख असेल तर तूट साधारण २५ लाखांची. म्हणजे जुनं घर विकलं नाही म्हणून सव्वा कोटीचा प्रश्न उभा राहत नाही. प्रश्न या २५ लाखांचा आहे, आणि तोही काही महिन्यांपुरता.

इथे एक खाच आहे. बँक ७५ टक्के कशाचे धरते? करारातली किंमत आणि बँकेच्या मूल्यांककाने काढलेली किंमत, यांतली कमी असेल तिचे. मूल्यांकन १ कोटी २० लाखच आलं तर कर्ज ९० लाखांवर येतं आणि तूट एका कागदाने साडेसात लाखांनी वाढते. जुन्या इमारती, हौसेने केलेलं महागडं इंटीरियर आणि गच्ची किंवा बाल्कनी बंद करून वाढवलेली जागा यांत हे हटकून होतं. म्हणून मूल्यांकन हातात येईपर्यंत तुटीचा आकडा कच्चा समजा.

आता महिन्याचा बोजा बघा. जुन्या घरावर १८ लाख कर्ज बाकी आहे आणि हप्ता २४,००० आहे असं धरू. नव्या कर्जाला ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी लाखाला ८६८ रुपये हप्ता, म्हणजे ८४,६३०. तुटीचे २५ लाख १०.५ टक्क्यांनी घेतले आणि फक्त व्याज भरलं तर २१,८७५. दोन्हीकडचा मेंटेनन्स आणि कर मिळून १०,०००. बेरीज १ लाख ४० हजारांच्या थोडी वर. जुना फ्लॅट ८ महिने विकला गेला नाही तर सव्वाअकरा लाख रुपये या वाटेने जातात. ते सोसण्याची ताकद आहे का, हे आधी ठरवा. बँकही तेच पाहते: सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या साधारण निम्म्याच्या आत हवेत. जुना हप्ता कर्ज बंद होईपर्यंत त्यात धरला जातो. या उदाहरणात घरात महिन्याला २ लाख ६० हजारांच्या आसपास यायला हवेत.

दुसऱ्या टोकाला काय उरतं? ८५ लाखांची अपेक्षा असलेला फ्लॅट ७८ लाख २० हजारांना गेला, १८ लाख कर्ज आणि दलाली वजा झाली, तर ५९ लाख हातात येतात. २५ लाखांची तूट फेडून ३४ लाख नव्या कर्जात भरले की मुद्दल साडेत्रेसष्ट लाखांवर येतं. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला तर तो सुमारे ५५,०००. ही कायमची स्थिती तुम्हाला झेपत नसेल तर मधल्या महिन्यांची चर्चा करण्यात अर्थ नाही. घर लहान किंवा लांब घ्या.

तूट भरण्याचे मार्ग

ब्रिज लोन नेमकं याच कामासाठी असतं. मुदत साधारण २ वर्षांपर्यंत, व्याजदर गृहकर्जापेक्षा जास्त, आणि जुनं घर विकलं की मुद्दल एकदम फेडायचं. सगळ्या बँका ते देत नाहीत. जुनं घर एका बँकेकडे गहाण आणि ब्रिज लोन दुसरीकडे, असं सहसा जमत नाही. म्हणून आधी आहे त्याच बँकेत विचारा. तिथेच जुन्या गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, मिळालं तर कागदपत्रांचा त्रास बराच वाचतो. मुदत ठेवी असतील तर त्या मोडू नका, त्यांच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. सोन्यावरचं कर्ज दोन-तीन महिन्यांसाठी बरं पडतं.

पर्सनल लोन टाळा. त्याचा हप्ता मोठा असतो आणि तो गृहकर्जाच्या पात्रतेतून थेट वजा होतो. २५ लाख मिळवायच्या नादात मुख्य कर्ज कमी मंजूर झाल्याचं मग कळतं. नातेवाइकांकडून घेतलेत तर बँक खात्यातूनच घ्या आणि साध्या कागदावर का होईना, परतफेडीची मुदत लिहा. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख उसनं घेणं आयकर कायद्याला चालत नाही आणि दंड घेतलेल्या रकमेइतका असतो. घराच्या व्यवहारातल्या रोख विसारालाही हाच नियम आहे.

टोकन आणि विसार पावती

एजंटचा आग्रह असतो की आज टोकन द्या, कागद मागाहून करू. इथेच थांबा. टोकन देताना एका पानाची पावती आणि आठवड्याभरात वकिलाने तयार केलेली विसार पावती (आगाऊ रक्कम आणि व्यवहाराच्या अटी लिहिलेला कागद), एवढं किमान हवंच. रक्कम मालकाच्या खात्यात, बँकेमार्फत जाऊ द्या. एजंटच्या खात्यात नको. इंडेक्स टूवर जितकी मालकांची नावं आहेत तितक्यांच्या सह्या हव्यात. नवऱ्याने टोकन घेतलं आणि सहमालक असलेल्या बायकोला विकायचंच नव्हतं, अशी भांडणं मिटायला वर्षं लागतात.

‘माझं घर विकलं गेलं तरच घेईन’ ही अट इथले मालक सहजी मान्य करत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, त्यांचं घर अडकून पडतं. त्यामुळे अट मागण्यापेक्षा मुदत मागा. प्रथेप्रमाणे ६० ते ९० दिवस देतात, तुम्ही १२० मागा आणि वर ३० दिवसांची सवलत. त्या ३० दिवसांत व्याज द्यायची तयारी दाखवा, पण व्याज फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण किमतीवर नाही. २५ लाख थकले तर ९ टक्क्यांनी महिन्याचं व्याज पावणेएकोणीस हजार होतं. तेच १३ लाख देऊन उरलेल्या १ कोटी १७ लाखांच्या शिलकेवर धरलं तर जवळपास ८८ हजार. पावतीत ‘बाकी रकमेवर व्याज’ असं मोघम लिहिलेलं असतं, ते बदलून घ्या.

बदल्यात मालकाला काय देता येईल? टोकन थोडं मोठं, ताब्याची तारीख त्याच्या सोयीची, आणि मंजूर कर्जाचं पत्र दाखवून दिलेला भरवसा. तरी तो बिचकत असेल तर असं सुचवा: त्याने घर दाखवणं चालू ठेवावं. दुसरं पक्कं गिऱ्हाईक आलं तर त्याने तुम्हाला ७ दिवसांची लेखी सूचना द्यावी. त्या ७ दिवसांत तुम्ही साठेखत (विक्रीचा नोंदणीकृत करार) करायचं, नाहीतर टोकन परत घेऊन बाजूला व्हायचं.

टोकन केव्हा परत मिळेल ते नावानिशी लिहा: मालकी हक्कात दोष निघाला, बँकेने या मालमत्तेच्या कारणाने कर्ज नाकारलं, किंवा मालकाने कागद वेळेत दिले नाहीत, तर पूर्ण रक्कम ७ दिवसांत परत. तुमचं घर विकलं गेलं नाही म्हणून तुम्हीच मागे फिरलात तर किती रक्कम बुडेल, तो आकडाही लिहा, लाख किंवा दीड लाख. ‘विसार जप्त होईल’ एवढंच लिहिलं तर तोवर दिलेले दहा-बारा लाखही त्यात ओढले जातात. मालक फिरला तर टोकनच्या दुप्पट परत, ही रीत बाजारात आहे, ती सोडू नका. आणि हा कागद वकिलाकडूनच करून घ्या, कारण ताबा देण्याचं कलम त्यात शिरलं तर पूर्ण मुद्रांक शुल्काचा प्रश्न उभा राहू शकतो.

साठेखताची घाई करू नका

साठेखतावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरावं लागतं, नंतरच्या खरेदीखतावर (मालकी देणाऱ्या अंतिम दस्तावर) नाममात्र. म्हणजे आपल्या उदाहरणातले ९ लाख १० हजार साठेखताच्या दिवशीच जातात. व्यवहार मोडला तर परताव्याची सोय कायद्यात आहे, पण तिच्या मुदती आणि अटी कडक आहेत, आणि रद्द करण्याचा दस्तही नोंदवावा लागतो. त्यासाठी मालकाची सही हवी, आणि व्यवहार मोडलेला मालक सही करायला उत्सुक नसतो. म्हणून विसार पावतीचा काळ लांबवा. जुन्या घराच्या गिऱ्हाईकाचं साठेखत झालं, किंवा तुटीच्या रकमेचं मंजुरीपत्र हातात आलं, की मगच नव्या घराचं साठेखत करा. बँक कर्जाची रक्कम नोंदणीकृत साठेखतानंतरच सोडते, हेही तारखा लावताना धरा.

दरम्यान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी), दोन वर्तमानपत्रांत १४ दिवसांची जाहीर नोटीस, मालकाच्या कर्जाची चौकशी आणि सोसायटीचं पत्र ही कामं उरका. सोसायटीला हस्तांतर प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपयेच घेता येतो. देणगी म्हणून वर मागत असतील तर ते बेकायदा आहे. हा खर्च कोण देणार ते विसार पावतीतच लिहून टाका.

किंमत ५० लाख किंवा जास्त असल्याने मालकाला द्यायच्या प्रत्येक रकमेतून १ टक्का टीडीएस (मालकाच्या नावे आधीच कापायचा आयकर) कापून भरायचा असतो. आधी मालकाचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का ते बघा, पॅन निष्क्रिय असेल तर दर २० टक्क्यांवर जातो. मालक अनिवासी असेल तर १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही, कापणी बरीच मोठी असते, त्यासाठी सीए गाठा. तुमच्या जुन्या घराच्या रकमेतूनही तुमचं गिऱ्हाईक १ टक्का कापणार आहे. ते पैसे विवरणपत्र भरताना वळते होतात, व्यवहाराच्या दिवशी हातात नसतात.

तारखा उलट्या बाजूने मोजा

शेवटची रक्कम १२० व्या दिवशी द्यायची असेल तर तिथून मागे या. तुमच्या गिऱ्हाईकाने साठेखत केल्यावर त्याच्या बँकेचे पैसे यायला ३ ते ५ आठवडे लागतात. तुमचं कर्ज फेडून कागद सुटायचे असतील तर थोडं जास्तच. म्हणजे ७५ व्या दिवसापर्यंत तुमच्या जुन्या घराचं साठेखत नोंदवलेलं हवं. साठेखतापूर्वी त्याला सर्च आणि कर्जमंजुरीला २५-३० दिवस हवेत. म्हणून त्याचं टोकन ४५ व्या दिवसापर्यंत यायला हवं.

४५ वा दिवस हा निर्णयाचा. तोवर टोकन आलं नसेल तर त्याच आठवड्यात ब्रिज लोनचा किंवा टॉप-अपचा अर्ज द्या आणि मागितलेली किंमत ३-४ टक्क्यांनी खाली आणा. बहुतेक लोक आणखी महिनाभर वाट बघतात, आणि मग ९० व्या दिवशी घाईने १० टक्के सोडतात. पंचांगही समोर ठेवा. पितृपक्षात घर पाहायला येणारे कमी होतात आणि टोकन तर क्वचितच देतात. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या सुमारास व्यवहार पटापट होतात. मुलं असलेली कुटुंबं जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी हलायचं बघतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात आलेल्या फ्लॅटला जास्त लोक पाहायला येतात.

ताब्याचंही असंच. गिऱ्हाईकाला पूर्ण पैशांच्या दिवशीच चावी हवी असेल आणि नवं घर अजून मोकळं नसेल, तर विकलेल्याच घरात दोन महिने भाड्याने राहण्याची बोलणी करा. त्यासाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करा. तोंडी ठरवलेलं गिऱ्हाईकाची बँकही मान्य करणार नाही.

भांडवली नफ्याचं वर्ष

जुनं घर २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन. तो दुसऱ्या राहत्या घरात गुंतवल्यास करातून सूट मिळते. आजवर सगळे तिला कलम ५४ म्हणतात. तयार घर घेताना खरेदी जुन्या घराच्या विक्रीआधी १ वर्षात किंवा विक्रीनंतर २ वर्षांत व्हायला हवी. तुम्ही आधी घेत आहात, त्यामुळे तुमच्यासाठी घड्याळ उलटं फिरतं: नव्या घराच्या खरेदीपासून १ वर्षाच्या आत जुनं विकलं गेलं नाही, तर या घरावर ही सूट मिळणार नाही. ब्रिज लोन २ वर्षांचं आहे म्हणून निवांत राहणारे इथे फसतात. खरेदीची तारीख साठेखताची धरायची की ताब्याची, यावर वाद होतात. सुरक्षित मार्ग म्हणजे दोन्हींपैकी आधीची तारीख धरून चालणं. सूट घेतल्यावर नवं घर ३ वर्षांत विकू नका, सूट मागे घेतली जाते.

दुसरी खाच नावांची. फक्त स्त्रीच्या नावे घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, इथे १ लाख ३० हजार. पण जुना फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आणि नवा एकट्या बायकोच्या नावावर असेल तर भांडवली नफ्याची सूट वादात सापडू शकते. कर किती वाचतो ते आधी काढून घ्या. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक न धरता १२.५ टक्के किंवा धरून २० टक्के, यांतला कमी कर भरता येतो. बऱ्याच जुन्या फ्लॅटवर दुसऱ्या पद्धतीने कर अपेक्षेपेक्षा कमी निघतो. दोन्ही आकडे समोर आले की नाव कुणाचं लावायचं ते ठरवा.

मुदत संपत आली आणि घर विकलं नाही, तर

मालकाला तारखेच्या किमान १५ दिवस आधी लेखी कळवा, ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने. पत्रात तीन गोष्टी हव्यात: आजवर दिलेली रक्कम, बँकेचं मंजुरीपत्र आणि नवी मागितलेली तारीख. तारीख उलटून गेल्यावर केलेल्या विनंतीला करारभंगाची बाजू येते, आधी केलेली विनंती बोलणी ठरते. वाढीव मुदत मिळाली तर दोन्ही बाजूंच्या सह्यांचा पुरवणी कागद करा आणि जुन्या पावतीला जोडा. व्हॉट्सअॅपवरच्या ‘ओके’वर राहू नका. आणि हे पत्र पाठवायच्या दिवशीच बँकेला मंजुरीची मुदत विचारा. ती मर्यादित महिन्यांची असते, आणि ती संपली तर मूल्यांकनापासून सगळं पुन्हा करावं लागतं.